‘लगान’ची पार्श्वभूमी : मैदान, महसूल आणि १८९३ साल

‘लगान’ १५ जून २००१ रोजी प्रदर्शित झाला. पावणेचार तासांच्या जवळपास चालणारा हा चित्रपट आजही दूरचित्रवाणीवर कोठेतरी मध्यातून सुरू झालेला दिसला, तरी घरातील माणसे हातातले काम बाजूला ठेवून शेवटच्या षटकापर्यंत बसून राहतात. निकाल सर्वांना पाठ आहे, गाणी पाठ आहेत, गावच्या संघातील कचरा या अस्पृश्य गोलंदाजाच्या फिरकीवर कोण बाद होणार हेही ठाऊक आहे, आणि तरीही तो पाहिला जातो. या जिव्हाळ्याचे श्रेय पटकथा, संगीत आणि अभिनय यांना आहेच. माझ्या मते त्याचे आणखी एक कारण असे, की चंपानेर हे गाव आणि तेथील सामना काल्पनिक असले, तरी ज्या गोष्टींपासून तो सामना रचला गेला त्या जवळजवळ सगळ्या आपल्या इतिहासात घडून गेलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा मुंबईच्या मैदानावर आणि पुण्याच्या कॅम्पात घडल्या. त्या माहीत असल्या की चित्रपट अधिकच आवडू लागतो, आणि त्याने काय केले व काय करायचे टाळले तेही दिसू लागते.

कथा घडते ती १८९३ साली. पावसाने ओढ दिलेली आहे, संस्थानाच्या राजाकडून इंग्रजांना जाणारा सारा दुप्पट करण्यात आला आहे आणि कॅप्टन रसेल गावकऱ्यांपुढे पैज ठेवतो : क्रिकेटमध्ये हरवलेत तर तीन वर्षांचा लगान माफ, हरलात तर तिप्पट. या वर्षाच्या आसपास खऱ्या हिंदुस्थानात क्रिकेटची स्थिती काय होती, हे पाहिले म्हणजे पटकथाकारांची निवड किती नेमकी होती ते कळते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर त्या वेळी लॉर्ड हॅरिस होते. ते स्वतः इंग्लंडचे कर्णधार राहिलेले खेळाडू. १८९२ मध्ये मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यातील वार्षिक सामन्याची परंपरा सुरू झाली. त्याच हिवाळ्यात लॉर्ड हॉक यांचा इंग्लिश संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला आणि पारशांनी त्याला एका सामन्यात हरवलेही. १८९३ मध्येच जामनगरच्या राजघराण्याशी संबंधित रणजितसिंह केंब्रिज विद्यापीठाच्या संघातून खेळले आणि तीन वर्षांनी ते इंग्लंडकडून कसोटीत उतरले. म्हणजे इंग्रजांचा खेळ त्यांच्याकडूनच शिकून त्यांनाच हरवण्याची कल्पना त्या वर्षी कोणाला वेडगळ वाटली नसती. ती खेड्यात नव्हे तर शहरात साकार झाली होती, एवढाच फरक.

शहरातील ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात ‘लगान’चा गाभा आहे. मुंबईच्या पारशांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, त्यानंतर दोन वर्षांनी झोरोस्ट्रियन क्लब निघाला. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी, हिंदू आणि मुसलमान तरुण खेळत. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो फक्त गोऱ्यांसाठी होता. मैदानाचा चांगला, राखलेला भाग जिमखान्याकडे गेला, आणि तेथील हिरवळ खराब होऊ नये म्हणून गोरे अधिकारी पोलो खेळायला मात्र उरलेल्या भागात, म्हणजे देशी खेळाडूंच्या जागेत येऊ लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई. मग तेथे चेंडू कसा उसळेल याचा नेम राहत नसे आणि क्रिकेट खेळणे धोक्याचे होऊन बसे. १८८१ मध्ये शेकडो देशी खेळाडूंनी एकत्र सह्या करून सरकारकडे अर्ज केला. मागणी साधी होती : मूठभर लोकांच्या पोलोसाठी इतक्या मुलांचा खेळ बंद पाडू नये. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने पोलो दुसरीकडे हलवण्याचा निर्णय दिला, आणि पुढे जिमखान्याच्या दडपणाखाली तो फिरवला.

या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यात पारशी क्रिकेटची बखर आणि मैदानाचा झगडा असे दोन्ही विषय एकत्र आहेत. शापूरजींची तक्रार खेळाची दिसते, पण तिचा तोल जमिनीवर आहे : सार्वजनिक जागेवर हक्क कोणाचा आणि तो ठरवणार कोण? ‘लगान’मधील पैजही वरवर क्रिकेटची असली तरी ती जमिनीवरच्या हक्काचीच आहे. पटकथा लिहिताना हे पुस्तक कोणी समोर ठेवले होते असा माझा दावा नाही. मात्र छावणीच्या मैदानाबाहेर उभे राहून गोऱ्यांचा खेळ पाहणारा चित्रपटाचा नायक भुवन आणि उखडलेल्या मैदानाकडे पाहणारे गिरगाव-फोर्टातील तरुण, हे एकाच कुळातले आहेत. अखेरीस सरकारने केनेडी सी-फेसवर समुद्र हटवून मिळवलेल्या जागेत पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना जमिनी दिल्या. मरीन ड्राइव्हवरून जाताना आजही ओळीने दिसणारे हे जिमखाने त्या झगड्याचे फलित होत. दरम्यान, जानेवारी १८९० मध्ये जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला पारशांनी बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर हरवले होते आणि डॉ. मेहेल्लाशा पावरी यांच्या गोलंदाजीचे नाव घरोघरी झाले होते.

आता साऱ्याबद्दल थोडे. चित्रपटात सारा माफ करण्याचा अधिकार एका कॅप्टनच्या मर्जीवर आहे. तशी लहर प्रत्यक्ष राज्यकारभारात चालत नसे. मात्र अवर्षणात सारा तहकूब करावा की वसूल करावा, हा त्या दशकांतील खरा आणि जीवघेणा प्रश्न होता. दख्खनमध्ये साऱ्याची फेरआकारणी, कापसाचे पडलेले भाव आणि सावकारी यांच्या कात्रीतून मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा उसळला. लगेच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला, त्यातून सरकारने दुष्काळ संहिता तयार केली आणि पीक बुडाल्यास सवलत देण्याची तरतूद कागदावर आली. १८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव फिरून हीच तरतूद शेतकऱ्यांना समजावून सांगत होती आणि लोकमान्य टिळक ‘केसरी’तून, पीक बुडाले असल्यास घरदार विकून सारा भरू नका, असे लिहीत होते. ‘लगान’मधील गावकरी राजाकडे अर्ज घेऊन जातात तो प्रसंग या काळाशी अगदी सुसंगत आहे. अर्जाचे पर्यवसान पैजेत होते, ही मात्र चित्रपटाची देणगी.

या साऱ्या इतिहासात ‘लगान’च्या सर्वांत जवळ येणारा माणूस मात्र पारशी नव्हता आणि मुंबईचाही नव्हता. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा. घराणे मूळचे कोकणातले, जात चर्मकार, वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम त्यांना महिना तीन रुपयांवर मिळाले. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे पगार चार रुपये झाला. काम तेच : जाळी लावणे, खेळपट्टी तयार करणे, चुन्याच्या रेघा आखणे. तेथे सरावासाठी त्यांच्या हाती चेंडू देण्यात आला आणि त्यांची डावखुरी संथ फिरकी पाहून गोरे अधिकारी त्यांच्याकडूनच सराव करून घेऊ लागले. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा हिंदुस्थानातील नाणावलेला इंग्रज फलंदाज. आपल्याला बाद केलेस तर प्रत्येक वेळी आठ आणे देईन असे त्याने बाळूंना सांगितल्याची आख्यायिका आहे. रोज तासन्‌तास गोलंदाजी करून बाळू तयार झाले. मात्र फलंदाजी करण्याची संधी त्यांना त्या जाळ्यात कोणी दिली नाही. बॅट ही साहेबाने धरायची आणि नोकराने चेंडू टाकायचा, अशी ती वाटणी होती.

म्हणजे चित्रपटातील चंपानेरमध्ये बॅट-चेंडू घेऊन सराव चालू आहे, त्याच सुमारास खऱ्या पुण्यात सतरा वर्षांचा एक दलित तरुण इंग्रजांना फिरकी टाकत होता. ही जुळणी मला दर वेळी थक्क करते.

पुढचा भाग तर पटकथेतील पेचासारखाच आहे. पुण्यातील हिंदूंच्या क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे, यावर सभासदांत वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत असत, पण चहापानाच्या वेळी बाळूंना चहा मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई आणि जेवणही वेगळे वाढले जाई. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा हे कुटुंब मुंबईला आले आणि बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. दरवर्षी युरोपियन, पारशी, हिंदू अशा समाजवार संघांची स्पर्धा जवळ आली की हा विषय निघे आणि मागे पडे. अखेर १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले, म्हणून या कुटुंबाची कहाणी आपल्यापर्यंत आतून पोहोचली. बाळूंचे नाव व्यापक वाचकवर्गापुढे पुन्हा आले ते रामचंद्र गुहा यांच्या क्रिकेटच्या सामाजिक इतिहासामुळे. ते पुस्तक २००२ मध्ये, म्हणजे ‘लगान’नंतर वर्षभराने, बाहेर पडले.

या पार्श्वभूमीवर कचराकडे पाहावे लागते. चित्रपटात भुवनच्या हाकेवर सीमारेषेबाहेरचा चेंडू अधू हाताने परत फेकणारा कचरा, त्या चेंडूला मिळालेली विलक्षण फिरकी, त्याला संघात घेण्यास गावाने केलेला विरोध आणि भुवनचे भाषण, हा भाग आजही अंगावर काटा आणतो. आदित्य लाखिया यांनी कचराचे बुजरेपण फार संयमाने उभे केले आहे. तरीही या पात्रावर जी टीका झाली तिच्यात तथ्य आहे, असे मला वाटते. कचराची फिरकी त्याच्या व्यंगातून आलेली दाखवली आहे, कौशल्यातून किंवा मेहनतीतून नव्हे. त्याला संघात घ्यायचे की नाही हे इतर ठरवतात आणि तो स्वतःसाठी जवळजवळ बोलतच नाही. बाळूंची फिरकी वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेली होती आणि आपल्या हक्काविषयी ते गप्प बसणारे नव्हते. पुढे त्यांनी निवडणुकाही लढवल्या, त्यांपैकी १९३७ ची डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. चित्रपटात एका भाषणाने मिटलेला प्रश्न मैदानावर सुटायला तीन दशके गेली. असे असूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : लोकप्रिय हिंदी चित्रपटात अस्पृश्यता हा क्रिकेट संघनिवडीचा प्रश्न म्हणून त्यापूर्वी कोणी मांडला नव्हता, आणि तो ऐकताना चित्रपटगृहे शांत होत होती.

चित्रपट तयार कसा झाला, हा इतिहासही चित्रपटाइतकाच प्रेमाने सांगितला जातो. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर मुंबईचे मराठी. अभिनेता म्हणून त्यांनी केतन मेहता यांच्या ‘होली’त आमिर खानबरोबर काम केले होते. दिग्दर्शक म्हणून ‘पहला नशा’ आणि ‘बाजी’ हे त्यांचे दोन्ही चित्रपट फारसे चालले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी शतकापूर्वीचे खेडे, धोतर नेसलेला नायक, अवधी-ब्रज मिश्रित बोली आणि क्रिकेट असा विषय आणला. त्या काळच्या व्यवसायात यांपैकी प्रत्येक गोष्ट पडेल समजली जात होती. देव आनंद यांनी १९९० मध्ये क्रिकेटवर ‘अव्वल नंबर’ काढून पाहिला होता; १९८५ मध्ये ‘कभी अजनबी थे’मध्ये खुद्द संदीप पाटील नायक होते; दोन्हींना प्रेक्षकांनी स्वीकारले नाही. आमिर खान यांनीही थोडक्यात कल्पना ऐकून आधी नकारच दिला होता. गोवारीकर पूर्ण पटकथा बांधून पुन्हा आले, तेव्हा ती ऐकून आमिर यांनी भूमिका स्वीकारलीच, शिवाय निर्मितीही अंगावर घेतली. त्यांच्या निर्मितीसंस्थेचा हा पहिला चित्रपट. पैजेवर संपूर्ण वस्तीचे पोट अवलंबून असणे ही कल्पना हिंदी चित्रपटाला नवी नव्हती. ‘नया दौर’मध्ये टांगा आणि बस यांची शर्यत याच जातीची होती. गोवारीकरांनी त्या वारशात क्रिकेट बसवले.

भुजजवळच्या कुनरिया गावच्या रानात २००० सालच्या पहिल्या सहामाहीत चित्रीकरण झाले. चंपानेर उभारले नितीन चंद्रकांत देसाई यांनी, आणि वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथैया यांची, ज्यांना ‘गांधी’साठी भारतातील पहिले ऑस्कर मिळाले होते. गावकऱ्यांच्या अंगावरचे कपडे धुऊन विटलेले, शिवून जोडलेले दिसतात. गोऱ्यांचे पांढरे पोशाख त्यांच्यासमोर डोळ्यांत भरतात. संवाद लखनौचे के. पी. सक्सेना यांचे. ध्वनी चित्रीकरणाच्या जागीच मुद्रित करण्याचा आग्रह धरला गेला, जो तेव्हा हिंदीत विरळा होता. म्हणूनच ‘लगान’मधील आवाजांत मोकळ्या माळरानाचा वारा आहे. गोवारीकरांच्या पाठीच्या मणक्याला मध्येच इजा झाली, तेव्हा त्यांनी खाटेवर पडून दिग्दर्शन केले. अंतिम सामन्यासाठी आसपासच्या गावांतून सुमारे दहा हजार माणसे आणली होती. दिवसभर उन्हात बसलेल्या त्या गर्दीत जोश यावा म्हणून आमिर खान यांनी ‘आती क्या खंडाला’ गाऊन दाखवले आणि त्यावर उसळलेला जल्लोष टिपून घेण्यात आला. पडद्यावर आपण ज्याला चंपानेरचा जल्लोष समजतो, त्यात हा आनंदही मिसळलेला आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. ज्या मुलखाने हा चित्रपट उभा केला तो मुलूख चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच उद्ध्वस्त झाला होता.

प्रेक्षकांच्या बाजूनेही वेळ विशेष होती. चित्रीकरण चालू असतानाच, एप्रिल २००० मध्ये, सामनानिश्चितीचे प्रकरण फुटले. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याची कबुली, पाठोपाठ भारतीय खेळाडूंवरील बंदी, यांमुळे आपण पाहत होतो ते खरे होते की काय, हा प्रश्न प्रत्येक क्रिकेटवेड्या घरात विचारला जात होता. मार्च २००१ मध्ये कोलकात्याच्या कसोटीत लक्ष्मणच्या २८१ धावांनी आणि द्रविडच्या साथीने फॉलोऑननंतर ऑस्ट्रेलियाला हरवले गेले आणि विश्वास परत येऊ लागला. त्यानंतर तीन महिन्यांत ‘लगान’ आला. त्याच दिवशी ‘गदर’ही प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर अधिक मोठा ठरला, पण ‘लगान’चा प्रेक्षक शिट्ट्या वाजवून, चौकार-षटकारांवर उठून उभा राहून, खरोखरीचा सामना पाहावा तसा तो पाहत होता. पैशासाठी हरण्याच्या बातम्यांनी विटलेल्या लोकांपुढे, हरलो तर उपाशी मरू अशा ईर्ष्येने खेळणारे अकरा जण उभे होते. पुढच्या वर्षी ‘मदर इंडिया’ आणि ‘सलाम बॉम्बे’नंतर ऑस्करच्या अंतिम पाचांत पोहोचलेला तो तिसरा भारतीय चित्रपट ठरला, पारितोषिक बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेले. आठ राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांत देसाई आणि अथैया यांचेही होते.

क्रिकेटच्या जाणकारांनी चित्रपटातील काही त्रुटी दाखवल्या आहेत. १८९३ मध्ये इंग्लंडात षटक पाच चेंडूंचे असे. सहा चेंडूंचे ते १९०० पासून झाले. चेंडू हवेतून सीमेपलीकडे पडला म्हणून सहा धावा देण्याची पद्धत तिकडे १९१० च्या सुमारास आली. त्यापूर्वी षटकारासाठी चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे. काटेकोर नियमाने पाहिले तर भुवनच्या शेवटच्या फटक्याने सामना जिंकता आला नसता. ही नोंद योग्यच आहे, पण खेळ उभा करताना चित्रपटाने घेतलेली मेहनत त्याहून मोठी आहे. भुवन गावकऱ्यांना क्रिकेट म्हणजे आपलीच विटी-दांडू असे सांगतो आणि मग प्रत्येकाचा रोजचा हातखंडा संघात कामाला येतो : कोंबड्या पकडणारा भुरा झेल घेतो, गोली गोफण फिरवावी तसा हात गरागरा फिरवून चेंडू टाकतो, पलटणीत राहून आलेला देवासिंग खेळ आधीच जाणतो. मुंबईच्या पोरांनीही क्रिकेट असेच, शिकवणाऱ्यावाचून, बघून बघून उचलले होते.

आणि शेवटचे षटक. पुष्कळांच्या आठवणीत तेथे एकटा भुवन आणि त्याचा षटकार उरला आहे. प्रत्यक्षात अखेरच्या चेंडूला फलंदाजीवर कचरा आहे, भुवन पलीकडच्या टोकाला अडकलेला आहे. कचरा कसाबसा बॅट लावतो, दोघे पळतात, एकच धाव निघते आणि सामना हरल्यासारखा वाटतो. तेवढ्यात पंच नोबॉलची खूण करतात. त्या एका धावेमुळे भुवन समोर येतो आणि नोबॉलमुळे आणखी एक चेंडू मिळतो. पूना क्लबच्या जाळ्यात बाळूंना जी बॅट कोणी दिली नाही ती चित्रपटाने कचराच्या हाती दिली, आणि सगळ्या प्रांताचा सारा त्याच्या त्या एका धावेवर ठेवला.